दुबईतील काही तासांचा थांबा आणि आपली खरेदी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

परदेशी जाताना दुबईत विमान बदलण्यासाठी जो थांबा मिळतो, त्याचा उपयोग कसा करावा, याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला, इंग्लंडला जाणारे आईवडील आता मोठ्या संख्येने दिसतात आणि मुंबईहून किंवा अहमदाबादहून निघालेल्या त्यांच्या प्रवासात बहुधा आखाती देशातील एखादे विमानतळ येतेच. त्यामुळे विषयाची निवड योग्य होती, याबद्दल दुमत नाही. मात्र त्या लेखात एक अतिउंच इमारत, एक अतिविशाल मॉल आणि ‘स्वस्त सोने’ एवढ्या तीन गोष्टींपलीकडे फारसे काही नव्हते. सुवर्णनगरी म्हणून मिरवणाऱ्या जळगावच्या वाचकाला दुबईतील सोन्याविषयी सांगताना तरी थोडी अधिक काळजी घ्यायला हवी होती, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हाती असलेले चार-सहा तास खाडीकाठच्या जुन्या गावात घालवावेत आणि सोन्याची खरेदी घाईघाईने मुळीच करू नये.

आधी बाहेर पडण्याविषयी. भारतीय पारपत्र असलेल्याला व्हिसाशिवाय विमानतळाबाहेर जाता येत नाही, ही गोष्ट लेखात ठळकपणे यायला हवी होती. ४८ तासांचा आणि ९६ तासांचा असे दोन प्रकारचे ट्रान्झिट व्हिसा तेथील विमान कंपन्यांमार्फत मिळतात, पण ते प्रवासाला निघण्यापूर्वीच काढावे लागतात. दुबईत उतरल्यावर खिडकीपाशी उभे राहून मागता येत नाहीत. ज्यांच्या पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्यांना मात्र ठरावीक शुल्क भरून चौदा दिवसांचा व्हिसा तेथे पोहोचल्यावर मिळू शकतो. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आपल्याकडील ज्येष्ठांपैकी अनेक जण या सोयीस पात्र असतात आणि त्यांना त्याची कल्पनाच नसते. पारपत्राची आणि व्हिसाची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, हेही तिकीट काढतानाच पाहून ठेवावे. थांबा पाच-सहा तासांहून कमी असेल, तर बाहेर पडण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पारपत्र तपासणीच्या रांगेत जाणारा वेळ आणि पुढच्या उड्डाणापूर्वी परत येण्याचा वेळ वजा केल्यावर हातात काही उरत नाही.

विमानतळाच्या टर्मिनल तीनपाशीच मेट्रो मिळते. सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झालेल्या या लाल मार्गाने युनियन स्थानकापर्यंत यावे आणि तेथे हिरव्या मार्गाची गाडी पकडून गोल्ड सूक किंवा अल रास या स्थानकावर उतरावे. टॅक्सीची गरज नाही. मात्र गाडीत खाण्यापिण्यास सक्त मनाई आहे आणि पाण्याचा घोट घेतला किंवा डब्यातला लाडू तोंडात टाकला, तरी शंभर दिरहमचा दंड होऊ शकतो. आपल्याकडे गाडी भुसावळहून सुटताच डबा उघडण्याची रीत असल्यामुळे हे मुद्दाम सांगितलेले बरे. महिलांसाठीचा डबा वेगळा असतो आणि त्यात चुकून शिरलेल्या पुरुषालाही दंड होतो.

आता खाडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ज्याला दुबई म्हणून आपण ओळखतो ते गाव मुळात या खाडीच्या दोन काठांवर वसलेले आहे. एका बाजूला देरा आणि दुसऱ्या बाजूला बर दुबई. दोन्ही काठांना जोडणाऱ्या लाकडी होड्यांना अब्रा म्हणतात आणि त्यांचे भाडे आजही एक दिरहम आहे. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाण्यासाठी आगाऊ वेळ ठरवून जे महागडे तिकीट काढावे लागते, त्याच्याशी या एका दिरहमची तुलना ज्याने त्याने करावी. ८२८ मीटर उंचीची बुर्ज खलिफा मेट्रोच्या खिडकीतूनही पुरेशी दिसते, आणि ती लांबून पाहण्याचीच वस्तू आहे, असे मला वाटते. अब्रात बसल्यावर मात्र अजून माल चढवणारी-उतरवणारी लाकडी गलबते, देऱ्याच्या धक्क्यावर रचून ठेवलेली खोकी आणि पलीकडच्या काठावरचे वायुमनोरे एका नजरेत येतात, आणि हे शहर तेलाच्याही आधी व्यापारावर उभे राहिले होते, हे कोणी न सांगता कळते.

बर दुबईच्या बाजूला अल फहिदी हा जुना भाग आहे. इराणमधील बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे प्रवाळाचे दगड आणि जिप्सम वापरून घरे बांधली आणि घरांवर चारही बाजूंचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे उभारले. विजेचा पंखा माहीत नसलेल्या काळात उष्णतेवर शोधलेला हा उपाय पाहताना आपल्याकडील धाब्याच्या घरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. जाड मातीच्या भिंती आणि वर सपाट धाबे यांच्या आधारे खान्देशाने वैशाखाचे ऊन जसे पिढ्यान्‌पिढ्या सोसले, तसेच या लोकांनी समुद्रकाठची उष्णता सोसली. येथे एक इशारा द्यायला हवा. जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेला माणूस दुबईच्या उन्हाला किंमत देत नाही, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये तेथील हवेतला दमटपणा वेगळाच असतो आणि आपली कोरड्या उन्हाची सवय तेथे उपयोगी पडत नाही. थांबा दिवसाचा असेल, तर सकाळ किंवा संध्याकाळच निवडावी. दुपारी बाजारातील पुष्कळ दुकाने तशीही काही तास बंद असतात आणि शुक्रवारी तर नमाजाची वेळ उलटेपर्यंत बाजार सुनाच असतो.

अल फहिदीच्या जवळच कापडबाजार आहे. सिंधमधील ठठ्ठा येथून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी फाळणीच्या कितीतरी आधीपासून येथे पेढ्या थाटल्या होत्या. आपल्या जळगावातही सिंधी समाजाने कापडाचा आणि किराण्याचा व्यापार कसा उभा केला, हे फुले मार्केटमध्ये खरेदी करणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे दुबईच्या त्या छताच्या गल्लीत हिंदीतून भाव ठरू लागला, तर नवल वाटत नाही. कापडाची खरेदी करण्याजोगे मला तेथे फारसे दिसले नाही. जे आहे त्यातले बरेच भारतातूनच गेलेले आहे.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली असल्यामुळे चलनाविषयीची एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही, आणि ती सोन्याशीच जोडलेली असल्याने विषयांतर होणार नाही. दुबईत आणि आखातातील इतर अनेक संस्थानांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. स्वातंत्र्यानंतर भारताने सोन्याच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा तेथून गलबतांनी मुंबईच्या किनाऱ्यावर चोरटे सोने येऊ लागले. त्याच्या मोबदल्यात बाहेर गेलेले रुपये परत रिझर्व्ह बँकेकडे परकीय चलनाच्या मागणीसह येत, आणि त्यामुळे देशाची गंगाजळी आटू लागली. यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ आखातात चालणाऱ्या वेगळ्या नोटा काढल्या. पुढे जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्या संस्थानांनी एकामागून एक रुपयाचा हात सोडला. संयुक्त अरब अमिरातीचा स्वतःचा दिरहम १९७३ मध्ये आला आणि १९९७ पासून तो एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. आखातात रुपया चालत होता त्याच काळात इकडे भारतात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि देशभरातील सुवर्णकारांच्या पोटावर पाय आला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा अखेर १९९० मध्ये रद्द झाला. ‘दुबईचे सोने’ या शब्दांभोवती आपल्याकडे जे वलय आहे ते त्या टंचाईच्या काळातले आहे. आजच्या भावाशी त्याचा संबंध फार थोडा उरला आहे.

तो किती उरला आहे, हे आकड्यांनी पाहू. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. त्यावर आपल्याकडे ३ टक्के जीएसटी लागतो. दुबईत जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. म्हणजे शुल्क ६ टक्के धरले, तर कर धरून दोन्हीकडच्या भावांत साधारण चार टक्क्यांचाच फरक राहतो. व्हॅटचा परतावा घेतला, तर हा फरक वाढतो, हे खरे. पण परतावा आपोआप मिळत नाही. खरेदी किमान २५० दिरहमची हवी, दुकानदाराने त्या योजनेत नाव नोंदवलेले हवे, खरेदीच्या वेळीच पारपत्र दाखवून त्याने तशी नोंद केलेली हवी आणि विमानतळावर वस्तू व पावती दाखवून ती मंजूर करून घ्यायला हवी. एवढे करूनही सेवाशुल्क कापूनच रक्कम हाती येते. विमान सुटायला दीड तास उरलेला असताना ही रांग पाहून परतावा सोडून देणारे कमी नसतात.

खरा प्रश्न घडणावळीचा आहे. देऱ्याच्या सोनेबाजारात दर दिवसाचा भाव दुकानोदुकानी सारखाच लावलेला असतो आणि त्यावर घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती मजुरीवर. साध्या बांगडीची मजुरी आणि नक्षीच्या हाराची मजुरी यांत कितीतरी पटींचा फरक असतो, आणि ज्याच्या मनगटावरचे घड्याळ पुढच्या विमानाची वेळ दाखवत आहे, त्या गिऱ्हाइकाला मजुरी कमी करून घेण्याइतकी सवड नसते. दुकानदारालाही ते चेहऱ्यावरून कळते. भावातील तीन-चार टक्के वाचवले म्हणून आनंदाने बाहेर पडलेला माणूस मजुरीत त्याहून अधिक देऊन आलेला असतो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांच्या ओळख क्रमांकाखेरीज हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दुबईच्या दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का असतो, सोनेही चोख असते, पण हा क्रमांक त्यावर नसतो. त्यामुळे पुढे कधी तो दागिना आपल्या सराफ बाजारात बदलायला नेला, तर शुद्धता तपासून मोडीच्या हिशेबानेच त्याचे पैसे होतात आणि तेथे भरलेली सगळी मजुरी बुडते. ओळखीच्या सराफाकडे तीन पिढ्यांचे खाते असलेल्या घराने हा व्यवहार का करावा, हे मला समजत नाही.

सोनेबाजार पाहू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. अवश्य पाहावा. सुमारे ६४ किलो वजनाची आणि एकवीस कॅरेटची ‘नजमत तैबा’ ही अंगठी तेथे काचेआड ठेवलेली आहे. ती पाहायला पैसे पडत नाहीत. गल्लीत पाठीमागे लागून घड्याळे आणि पर्स दाखवायला वरच्या मजल्यावर नेऊ पाहणाऱ्या तरुणांना एकदाच स्पष्ट नकार द्यावा. नामांकित कंपन्यांच्या त्या नकला असतात.

यापुढचा भाग कायद्याचा आहे आणि त्याविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहे. स्त्रियांना ४० ग्रॅम आणि पुरुषांना २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात, हे वाक्य गावोगाव पाठ झालेले आहे. त्याच्या मागची अट कोणी सांगत नाही. ही सवलत एका वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना एका खेपेस साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच राहता येते. म्हणजे परतीच्या वाटेवर दुबईत उतरून सुनेसाठी पाटल्या घेणारे बहुतेक ज्येष्ठ या सवलतीत बसतच नाहीत. मुंबईच्या विमानतळावर शुल्क लागणारे सामान नसलेल्यांसाठी असलेल्या ‘हिरव्या मार्गा’ने बाहेर पडताना त्यांना अडवले गेले, तर दोष अधिकाऱ्याचा नसतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबावर ही वेळ आली होती आणि शुल्क भरल्यानंतर तो दागिना त्यांना जळगावच्या भावाहून कितीतरी महाग पडला.

जाताना अंगावर असलेल्या दागिन्यांबाबतही काळजी घ्यावी लागते. लग्नकार्यासाठी परदेशी निघालेल्या स्त्रियांच्या अंगावर मंगळसूत्राखेरीज बांगड्या, हार असे पुष्कळ सोने असते. मुंबईहून निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना ‘हे तेथे विकत घेतले का’ या प्रश्नाला उत्तर देणे सोपे जाते. दागिन्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे सोबत असावीत. यासाठी विमानतळावर थोडे आधी पोहोचावे लागते, एवढेच.

सोन्याव्यतिरिक्तच्या खरेदीत मसाल्याचा बाजार मला सर्वांत पसंत पडला. अल रास स्थानकापासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इराणी केशर, वाळवलेली काळी लिंबे, लोबान आणि नाना जातींचे खजूर तेथे पोत्यांतून मांडलेले असतात. केशराला जो भाव पहिल्यांदा सांगितला जातो, तो घेण्यासाठी नसतोच, हे बाजारात फिरलेल्या माणसाला कळतेच. ही खरेदी परतीच्या थांब्यात करावी. जाताना तुमच्या मोठ्या बॅगा मुंबईहून थेट शेवटच्या विमानतळापर्यंत गेलेल्या असतात आणि घेतलेली प्रत्येक वस्तू हातातल्या छोट्या बॅगेत कोंबावी लागते. १०० मिलिलिटरहून मोठी अत्तराची बाटली तर सुरक्षा तपासणीतच काढून घेतली जाते. शिवाय अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, त्यात आणखी भर कशाला घालावी?

खाद्यपदार्थांवरून आठवले. मुलांसाठी बिबडे, पापड, शेव आणि घरचा मसाला नेल्याशिवाय आपली माणसे घरातून निघत नाहीत. परंतु खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. ज्या मसाल्यात खसखस पडते तो मसाला किंवा खसखस लावलेले अनारसे हातातल्या पिशवीत घेऊन दुबईत बाहेर पडणे धोक्याचे आहे. खायच्या पानांचेही तसेच. गुडघेदुखीसाठी किंवा खोकल्यासाठी घेतलेल्या काही औषधांतील ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या घटकांवर तेथे कडक नियंत्रण आहे, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवश्यक ती परवानगी असल्याशिवाय ती सोबत घेऊन बाहेर पडू नये. मॉलमध्ये काय पाहावे यावर आपल्या लेखात दोन स्तंभ खर्ची पडले होते. त्यातला अर्धा जरी या गोष्टींना मिळाला असता, तरी वाचकांचे भले झाले असते.

पैसे देताना कार्डाच्या यंत्रावर ‘रुपयांत की दिरहममध्ये’ असा पर्याय कधी कधी येतो. रुपये ओळखीचे वाटतात म्हणून माणसे तो पर्याय दाबतात आणि दुकानाच्या बाजूने ठरलेल्या वाईट दराने पैसे कापले जातात. नेहमी दिरहमच निवडावा. विमानतळावर चलन बदलण्याचा दरही बाजारातील दरापेक्षा बराच कमी मिळतो, म्हणून मेट्रो आणि अब्रापुरतेच तेथे बदलावे.

देऱ्याच्या एका किराणा दुकानात केळीचे घड पाहून मी खोक्यावरचा मजकूर वाचायला थांबलो होतो. रावेर-यावलच्या पट्ट्यातील केळी आखातात जातात, हे आपण नेहमी वाचतो आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्या खोक्यावर मात्र नुसता देशाचा उल्लेख होता, गावाचा नाही. आपल्या वार्ताहरांनी या मालाच्या विक्रीची बाजू तेथे जाऊन पाहिली, तर शेतकरी वाचक ती आवडीने वाचतील.

आपणास विनंती अशी की, पुरवणीत परदेशप्रवासावर लेख छापताना त्यासोबत एक चौकट द्यावी आणि तिच्यात त्या महिन्यात लागू असलेले सीमाशुल्काचे नियम, ट्रान्झिट व्हिसाच्या अटी आणि निषिद्ध वस्तूंची यादी अधिकृत संकेतस्थळावरून तपासून छापावी, कारण हे नियम बदलत राहतात आणि जुन्या कात्रणावर विसंबणे अंगाशी येते. सोन्याचा दुबईचा दर देण्याची हौस असेल, तर त्याच्या शेजारी घडणावळ आणि व्हॅट धरून पडणारी प्रतितोळा किंमत आणि त्याच दिवशीची जळगाव सराफ बाजारातील सर्व करांसह किंमत, असे दोन्ही आकडे द्यावेत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
जळगाव